दारातली मावशी

तोआ पायोहच्या वाचनालयातून सविताने ती डीव्हीडी आणली ती वरच्या चित्राला भुलून. चित्रात एक बाई खिडकीच्या लाकडी जाळीला गाल टेकून उभी होती. भुवया कोरलेल्या, डोळ्यांत काजळ, आणि चेहऱ्यावर एवढं दुःख की सविताला वाटलं, बाई गं, ये, बस, आधी चहा घे. इजिप्तचा जुना सिनेमा होता, काळा-पांढरा. बोलणं अरबी आणि खाली इंग्रजी अक्षरं.

"अरबी कधी शिकलीस?" निशिकांतने विचारलं.

"खाली इंग्रजीत येतं की."

"मग इंग्रजी कधी शिकलीस?"

हा निशिकांतचा विनोद. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी विनोदाचा साचा बदलला नव्हता. सविता सांगलीच्या कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला बायकोची पदवी लक्षात ठेवायला सवड कुठली! सविता नेहमीप्रमाणे हसली आणि तिने त्याला विचारलं, चहा टाकू का. त्याच्या बोलण्यानंतर जी शांतता पडायची ती चटकन उचलून बाजूला ठेवायची, हे या घरातलं तिचं कामच होतं. पाहुण्यांसमोर तो काहीतरी टोचून बोलला, सगळे गप्प झाले, की सविता लगेच, "अय्या, तुम्ही चकली घेतलीच नाही!" लोक तिला बोलघेवडी समजत. ती बोलघेवडी नव्हती, तिला शांततेची भीती वाटायची.

सिनेमा तिने दुपारी पाहिला. तसा बटबटीतच होता. नवाल नावाची मुलगी, बाप एका जमीनदाराचा कारकून. गावात कालव्याच्या कामावर एक तरुण इंजिनिअर येतो, दोघांचं जमतं, खजुराच्या झाडांमधून धावाधाव होते. मग बाप तिला कापसाच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकतो. व्यापाऱ्याची दाढी रंगवलेली आणि हसताना सोन्याचा दात दिसतो. इतकं सगळं ठळक की लहान पोरालाही कळावं, कुणाला शिव्या घालायच्या. सविताने मात्र शिव्या घातल्या त्या भलत्याच पात्राला.

लग्नाचा दिवस. बाहेरच्या खोलीत पुरुष बसलेत. लग्न लावणारा गृहस्थ उठून बायकांच्या खोलीच्या दारापाशी येतो. आत नवाल मान खाली घालून बसली आहे. तो बाहेरूनच विचारतो, "मुली, हे लग्न तुला मान्य आहे?" नवाल गप्प. तो पुन्हा विचारतो. नवाल गप्पच. तो तिसऱ्यांदा विचारतो. आता पडद्यावर नुसते तिचे ओठ. ओठ उघडतात, त्यांवर 'नाही' येऊ लागतं, अगदी दिसतं आपल्याला, आणि एवढ्यात दारात उभी असलेली एक लठ्ठ बाई, दंडापर्यंत बांगड्या, बाहेर तोंड काढून म्हणते, "लाजतेय हो पोर. राजी आहे, राजी आहे." लगेच बायका जिभा हलवून तो उलुलुलु आवाज काढतात, ढोलकी वाजते आणि संपलं. उरलेला सगळा सिनेमा नवाल खंगत जाते आणि इंजिनिअर कालव्याच्या काठावर एकटा उभा राहतो.

"तुला कोणी विचारलं गं, भवाने?" सविता सोफ्यावरून उठून टीव्हीवर ओरडली.

इंग्रजी अक्षरांमध्ये ती बाई नुसती 'आंट' होती. मावशी आहे हे सविताने ठरवलं. आत्या असती तर एवढं लागलं नसतं, आत्या बापाच्याच बाजूची. मावशीने असं करावं?

सर्दीमुळे लवकर घरी आलेली राधिका दारात चपला काढत उभी होती. सत्तावीस वर्षांची, एकुलती एक, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत नोकरी. मराठी घरातलं, बाकी सगळं इथलं, परदेशातलं.

"आई, तू टीव्हीला स्कोल्ड करतेयस?"

"बघ ना या बाईला! पोरगी 'नाही' म्हणायला आली होती."

राधिकानेही मग तो प्रसंग पाहिला, आणि हसता हसता तिला खोकला आला. तेव्हापासून ते वाक्य मायलेकींचं झालं. रविवारी तिघं हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात जात. ऑर्डर घ्यायला आलेला अंकल विचारायचा, "ड्रिंक व्हॉट?" आणि निशिकांत वर न बघता सांगायचा, "थ्री टेह." म्हणजे तिघांनाही चहा. सविताला चहापेक्षा कॉफी आवडायची. माहेरी ती कॉफीच प्यायची. राधिका आईच्या कानाशी वाकून पुटपुटायची, "तुला कोणी विचारलं गं, भवाने?" आणि दोघी खुदुखुदु हसायच्या. निशिकांतला वाटायचं, बायका कशालाही हसतात.

सविताने ती डीव्हीडी पुन्हा पुन्हा आणली. तिला त्या सिनेमातली एक गोष्ट आत कुठेतरी सलत होती. नवालवर अन्याय झाला, कबूल. पण कोणीतरी दारापर्यंत येऊन तिला विचारलं तरी. आपल्याकडे नवरीला कोण विचारतं? मामा हात धरून आणतो, मध्ये अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांमध्ये आवाज चढवायची चढाओढ लागते, अक्षता उडतात आणि निम्म्या पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यात जातात. अंतरपाट खाली येतो आणि समोर नवरा असतो. 'नाही' म्हणायला त्यात जागाच ठेवलेली नाही. प्रश्नच नाही, तर उत्तर कुठून द्यायचं?

तिच्या लग्नात संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले होते आणि निशिकांतने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं होतं. तोवर ती शैला होती. "आवडलं का नाव?" असं नणंदेने विचारलं, तेही निशिकांतला. शैलाला त्या वेळी कोणीतरी आवडत होतं. त्याचं नाव सविता मनातसुद्धा घेत नसे. तो शैलाचा होता, सविताचा त्याच्याशी काय संबंध?

राधिकाला आवडायचा सारंग. तिच्याच ऑफिसातला, नागपूरचा, बोलताना हेल काढणारा. एका रविवारी राधिका आईला बरोबर घेऊन पुलाउ उबीन बेटावर गेली, तेव्हा सविताने त्याला पहिल्यांदा पाहिलं. बोटीतून उतरताना त्याने हात दिला. भाड्याच्या सायकली घेतल्या. कॉलेजनंतर कधी सायकलवर न बसलेली सविता जुन्या लाकडी घरांच्या समोरून झोकांड्या खात निघाली, आणि सारंग आपली सायकल सोडून तिच्या मागे कॅरिअर धरून पळत राहिला, घामाने निथळत. नंतर एका टपरीपाशी त्याने विचारलं, "काकू, काय घ्याल तुम्ही? कॉफी, का नारळपाणी?"

विचारलं, आणि तो थांबला. खरंच थांबला. विचारून कोणी थांबलं की उत्तर शोधावं लागतं, आणि सविताची ती सवय मोडली होती. "कॉफी," ती शेवटी म्हणाली आणि उगाचच तिचे डोळे भरून आले. हा मुलगा आपल्या पोरीला मिळावा असं तिला त्या क्षणी फार वाटलं.

तो जेवायला घरी आला तेव्हा निशिकांत आधी खूश होता. मुलगा हुशार, बोलायला नम्र, वरणभात आवडीने खाणारा. मग निशिकांतने सहज विचारावं तसं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

सारंगने सांगितलं.

निशिकांतने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "अच्छा," तो म्हणाला. "अच्छा, अच्छा." पुढचं जेवण अतिशय गोड झालं. त्याने सारंगला आग्रहाने पोळी वाढायला लावली, दारापर्यंत पोचवायलाही गेला. सविताला त्या गोडव्याचीच धास्ती वाटली.

"मित्र म्हणून चांगला आहे," दार लावून तो म्हणाला.

"बाबा, सरनेममुळे?"

"मी काही म्हटलं का? मी ते मानत नाही. माझ्या हाताखाली सगळ्या प्रकारची माणसं होती. पण घर म्हणजे ऑफिस नव्हे." एवढं बोलून तो आंघोळीला गेला.

अमेयचं स्थळ त्यानंतर आलं. निशिकांतचा पुण्यातला जुना मित्र मनोहर, त्याचा मुलगा. इथेच मोठ्या कंपनीत मॅनेजर, राहायला भाड्याचा का होईना, पण उंची सोसायटीतला कॉन्डो, कुठे नाव ठेवायला जागा नाही. अमेय वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत. त्याची दाढी रंगवलेली नव्हती आणि दातही सोन्याचा नव्हता. त्याला शिव्या तरी कशा घालणार? राधिका दोनदा त्याला भेटली. दोन्ही वेळा तो फोनमध्ये बघत होता, आणि बघता बघता "सॉरी हं" म्हणत होता.

आणि मग ते 'हं' घडलं.

संध्याकाळची वेळ. राधिका जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, एका कानात ऑफिसचा कॉल. निशिकांत समोर बसून बोलत होता. मनोहर कसा मोठ्या मनाचा, अमेयला कशी बढती मिळाली. सांगता सांगता म्हणाला, "तर मग त्यांना कळवतो. पुढे जायला हरकत नाही."

"हं," राधिका म्हणाली.

मराठी घरात 'हं'शिवाय पान हलत नाही. गोष्ट ऐकताना हं, फोनवर हं, भाजी निवडताना हं. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही बोला, माझा कान इकडे आहे. निशिकांतला हे कळत नव्हतं असं नाही. पण तो तसाच उठला, बेडरूममध्ये गेला आणि पुण्याला फोन लावला. दाराआडून त्याचा आवाज आला, "मनोहर, अभिनंदन! मुलीचा होकार आहे!"

राधिकाचा कॉल संपला तेव्हा तिच्या फोनवर पुण्याहून पेढ्यांचे फोटो येऊ लागले होते.

"मी फक्त हं म्हटलं!" ती ओरडली. "इट मीन्स आय ॲम लिसनिंग! दॅट्स ऑल लाह, बाबा! आई, सांग ना यांना!"

"शब्द गेलाय माझा," निशिकांत म्हणाला.

"माझा नाही गेला!"

निशिकांत चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, त्याने बोलणं बंद केलं. सिनेमातल्या बापाने नवालला खोलीत कोंडलं होतं, या बापाने स्वतःचं तोंड कोंडून घेतलं. घरात यायचा, जेवायचा, उठायचा. आदल्या वर्षी त्याची अँजिओप्लास्टी झाली होती. गोळ्यांची डबी आजवर कपाटात असायची, ती आता त्याने जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली, मिठाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. जेवण झालं की ती उघडायची, एक गोळी तळहातावर घ्यायची, तिच्याकडे थोडा वेळ बघायचं आणि मग गिळायची. कोणी कोणाला धमकी दिली नाही. अशा घरात धमकी द्यावी लागतच नाही.

सविताला तोंड उघडायला हवं होतं. तिला ते कळत होतं. ती रोज सकाळी ठरवायची आणि रोज त्याच्यासमोर गेल्यावर विचारायची, भात वाढू का.

राधिका लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून हत्ती बघायला गेलेली मुलगी. त्या डबीपुढे ती हळूहळू वितळत गेली. एके दिवशी तिने नुसतं "ओके" म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. निशिकांतने त्या दिवशी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

तारखा ठरू लागल्या. खरं लग्न डिसेंबरात पुण्याला, गुरुजी, हॉल, सगळं थाटात. पण सरकारी फ्लॅटसाठी अर्ज करायचा तर इथे आधी रजिस्टर केलेलं बरं, असं अमेयने सुचवलं. "ते काय, नुसतं कागदी," निशिकांत म्हणाला. "पंधरा-वीस माणसं बोलावू, केक कापू." ऑगस्टमधली मोठी सुट्टी पकडली. बेटाएवढ्या या देशाचा पन्नासावा वाढदिवस होता, सगळ्यांनाच सुट्टी होती.

सविता तेव्हा ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. तिचा हात थांबला.

शेजारच्या लिम बाईंच्या मुलीचं रजिस्टर लग्न तिने पाहिलं होतं. लग्न लावणारा माणूस आधी मुलाला विचारतो, मग मुलीला. तोंडावर, सगळ्यांदेखत विचारतो. आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. निशिकांत ज्याला नुसतं कागदी म्हणत होता, तिथेच तर प्रश्न होता! पुण्याच्या हॉलमध्ये शंभर माणसं ओरडतील आणि कोणीही विचारणार नाही. इथे विचारतात.

संध्याकाळी तिने राधिकाला स्वयंपाकघरात ओढलं.

"तिथे विचारतात गं तुला."

"सो?"

"नाही म्हण."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच. घरातलं 'नाही' तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. तिथे ऐकावं लागेल. मनोहरभाऊजींना ऐकावं लागेल. तू एवढंच बोल, पुढचं मी बघते. मी तुझ्या मागेच उभी असेन."

"बाबांना काही झालं तर?"

"काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, काही होत नाही." सविताला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. तो शैलाचा आवाज होता. खरं सांगायचं तर त्यात थोडा सूडही होता. आपल्याला कोणी विचारलं नाही, आता पोरीला विचारतील आणि पोर भर सभेत नाही म्हणेल, या कल्पनेने तिला कित्येक वर्षांत पहिल्यांदा नीट भूक लागली.

"प्रॉमिस, आई? आय कांट डू इट अलोन."

"प्रॉमिस."

राधिकाने तिच्या गळ्यात हात टाकले. किती दिवसांनी ती जरा हसली. "आणि दारात मावशी उभी असली तर?"

"तिची जीभ उपटून हातात देते," सविता म्हणाली.

राधिकाने सारंगला सांगून टाकलं. तो त्या दिवशी चांगीच्या बोटींच्या धक्क्यावर थांबणार होता. तिने यायचं आणि दोघांनी बोटीत बसून उबीनला जायचं. सगळ्यांची आरडाओरड होऊन जाईपर्यंत तिथेच थांबायचं.

अमेयच्या कॉन्डोतल्या खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बाहेर सगळीकडे लाल-पांढरे झेंडे लागलेले, पोहण्याच्या तलावात पोरं डुंबत होती. आत एसी एवढा गार की बायका पदर खांद्यावरून ओढून घेत होत्या. मनोहर आणि त्यांची बायको नीता पुण्याहून आले होते. नीताने येताना राधिकासाठी बांगड्या आणल्या आणि सविताचा हात हातात घेऊन म्हणाली, "आता काळजी सोडा हं, मुलगी आमची झाली." लग्न लावायला मिस्टर कोह नावाचे निवृत्त हेडमास्तर आले होते. पांढरे केस, प्रसन्न चेहरा. आंबा रंगाच्या साडीत राधिका सुंदर दिसत होती. आपला फोन तिने आईकडे दिला, आईने तो पर्समध्ये ठेवला. देताना राधिकाने तिची बोटं दाबली. सविता ठरल्याप्रमाणे तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मिस्टर कोहनी आधी थोडं भाषण केलं. संसार म्हणजे एकमेकांचं ऐकणं, वगैरे. मग अमेयला विचारलं. अमेयने "आय डू" म्हटलं, त्याच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

मग ते राधिकाकडे वळले. पूर्ण नाव घेतलं, प्रश्न विचारला आणि थांबले.

राधिका काही बोलली नाही.

आधी कोणाला काही वाटलं नाही. मग हळूहळू सगळ्यांना वाटू लागलं. कोणाच्या तरी हातातला चमचा बशीवर वाजला. मनोहरच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यातला जीव गेला. नीताची मान पुढे आली. अमेयने पहिल्यांदाच राधिकाकडे नीट पाहिलं. मिस्टर कोह शांतपणे उभे होते. त्यांना घाई नव्हती, विचारून थांबायचं हेच त्यांचं काम होतं.

निशिकांतचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. डबी आज खिशात होती. त्याने राधिकाकडे पाहिलं नाही, सविताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. शांतता पडली आहे, उचल, एवढंच त्या नजरेत होतं.

राधिकाने मान वळवली. तिलाही आई हवी होती. डोळे भरलेले, पण घाबरलेले नव्हते. ती धीर गोळा करत होती आणि धीर येत होता, सविताला तो येताना दिसत होता. राधिकाचे ओठ उघडले.

दूध वर आलं की हात आपोआप पुढे जातो, तसं झालं. सविताने ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. तिला आपला आवाज ऐकू आला, गोड, लगबगीचा, चकलीचा आग्रह करणारा.

"शी इज शाय," ती मिस्टर कोहना म्हणाली, आणि मग सगळ्यांकडे वळून, हसून, मराठीत, "लाजतेय हो ती!"

हॉलभर हशा पिकला. सुटल्यासारखा, मोठा, आनंदाचा हशा. मनोहरने मांडीवर थाप मारली. "अगं, आत्तापासून लाजतेस होय!" नीता म्हणाली. अमेयचे मित्र टाळ्या पिटू लागले, कोणीतरी शिट्टी मारली.

मिस्टर कोहही हसले. "आंटी," त्यांनी बोट हलवून म्हटलं, "यू कॅनॉट आन्सर फॉर हर, कॅन? ब्राइड मस्ट से हरसेल्फ." यावर तर लोक अजूनच हसले. त्यांनी पुन्हा प्रश्न विचारला. आता प्रश्नालाही हसू चिकटलं होतं. मघाच्या शांततेत 'नाही' उभं राहू शकलं असतं, या हशात ते कसं उभं राहणार? आता कोणीही नाही म्हटलं असतं तरी लोकांना ती गंमतच वाटली असती.

राधिका आईकडे बघत होती. रागाने नव्हे. सविताला राग चालला असता. एखाद्या ओळखीच्या दारावर भलत्याच नावाची पाटी दिसावी आणि माणसाने ती पुन्हा वाचून बघावी, तशी ती बघत होती. वाचून झालं, आणि तिने मान पुढे वळवली.

"आय डू," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली.

टाळ्या झाल्या. सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून आईची सही हवी असं आधीच ठरलं होतं, तेव्हा सविताने दाखवलेल्या जागी सही केली. सविता, असं लिहिलं. केक कापला, त्यावरही कोणी हौसेने झेंड्याचा लाल-पांढरा रंग चढवला होता. तिच्या पर्समध्ये राधिकाचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली आणि पलीकडच्या बाईंना विचारलं, तुम्ही केक घेतला का.

मग नमस्कार. राधिका सासूसासऱ्यांच्या पाया पडली. निशिकांतच्या पाया पडली, तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कित्येक आठवड्यांनी तिच्याशी बोलला. "शहाणी माझी पोरगी," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले. फोटो काढणारा सरकत सरकत पुढे आला. आता आईचा फोटो, आंटी, जरा इकडे बघा.

राधिका वाकली. केसांतला गजरा सविताच्या हाताला लागला. हात डोक्यावर ठेवायचा तर तो उचलेना. राधिका सरळ झाली, फोटोसाठी आईच्या गळ्यात हात टाकला, गाल तिच्या गालाला लावला आणि समोर बघून हसत, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"तुला कोणी विचारलं गं, आई?"

'भवाने' तेवढं तिने म्हटलं नाही.